‘काही लागलं तर हाक मारा’

लालबाग-परळच्या चाळीत अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की त्या घराचं दार सहसा लोटलेलं नसतं. येता-जाता शेजारी डोकावतात, ‘काही लागलं तर हाक मारा’ म्हणतात आणि कामाला लागतात. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या घरातल्या बाईला नेमकं काय लागतं, याबद्दल बरेच गैरसमज असतात.

गैरसमज: चाळ आहे, शेजार आहे, मग चिंता कसली?

अडीनडीला चाळ धावते, हे खरंच. रात्री दोनला पेशंटला खुर्चीसकट लाकडी जिन्यावरून उतरवून केईएमला न्यायचं असेल, तर मंडळाची चार पोरं हजर होतात. पण खरी गरज रात्री दोनची नसते, रोज सकाळी सहाची असते. बीडीडी चाळीतली जुनी खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. पाणी जायच्या आत पिंप भरायचं, संडासाची रांग बघायची आणि अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला उठवायचं, सगळं एकाच तासात. व्हीलचेअर दाराआड घडी करून ठेवलेली, कारण गॅलरीत चपलांचे स्टँड आणि पिंपं. मग खाटेखाली भांडं आणि मधे जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या अलीकडे सून डबे भरत असते. अशा वेळी हाक कुणाला मारणार? मदत करायचीच असेल तर वार आणि वेळ सांगा. ‘मंगळवारी चार ते सहा मी बसते, तुम्ही बाहेर जाऊन या,’ एवढं पुरतं.

गैरसमज: माया असली की सगळं जमतं.

नाही जमत. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. कमरेतून वाकून उचललं की उचलणारीची कंबर जाते. गुडघे वाकवून, माणूस अंगाजवळ घेऊन उचलायचं असतं. डिस्चार्जच्या घाईत हे दाखवायचं राहून जातं, म्हणून रुग्णालयातल्याच फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावं, मग आपण करून दाखवावं. मायेला शिकण्याची जोड लागते, याचं एक उदाहरण मुंबईतलंच. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला, तेव्हा त्या नुसती माया करत बसल्या नाहीत. 1947 मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढलं. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. लालबागहून ती फार लांब नाही.

गैरसमज: ब्युरोची बाई ठेवली की प्रश्न मिटला.

परवडली तर. आणि 160 फुटांत बारा तासांची ड्यूटी करणारी मावशी बसणार कुठे, हेही बघा. ती स्वतः विरार-बदलापूरहून उभ्याने आलेली असते.

गैरसमज: कायद्यात भत्ता आहे, म्हणजे तो मिळतोच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, काही तर बघून कळतही नाहीत. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. पण रक्कम कायद्याने ठरवलेली नाही, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द मात्र आहेत. या शब्दांत काय काय मावतं, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना सांगायला नको.

गैरसमज: दिव्यांग मुलाचे आईवडील आहेत, मग पालकत्वाचे कागद कशाला?

याची किंमत सगळ्यात उशिरा कळते. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान. मग त्याच्या नावाच्या बँकखात्यासाठीही आईची सही चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. गिरगाव, परळ, लालबाग, दादर ही सगळी मुंबई शहर जिल्ह्यात येतात, तेव्हा वांद्र्याच्या उपनगर कार्यालयात जाऊन दिवस फुकट घालवू नका. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला, ओल्ड कस्टम हाऊसमध्ये आहे.