अंधाराची मोजदाद

बेळ्ळंदूरच्या आउटर रिंग रोडवर रात्री मान वर केली, तर आयटी पार्कांच्या झगमगाटापुढे मोजकेच तारे दिसतात. तिथून काही किलोमीटरवर, कोरमंगलात, भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. विश्वाचा अतिशय अंधुक पार्श्वप्रकाश मोजण्यात कारकिर्दीचा मोठा भाग घालवलेले जयंत मूर्ती याच संस्थेतले. आपल्या बंगळूरकर मराठी मंडळींना हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तारे आणि दीर्घिका वगळल्या तर उरलेलं आभाळ ठार काळं असतं का? प्रश्न साधा वाटतो, पण पृथ्वीजवळून त्याचं नेमकं उत्तर मिळणं फार अवघड. ग्रहांमधल्या धुळीवर पडून विखुरणारा सूर्यप्रकाश हबल दुर्बिणीलाही चुकत नाही आणि तो या पार्श्वप्रकाशाहून कितीतरी पटींनी जास्त असतो. धडा न करता तराजूत माल घातल्यासारखंच ते. म्हणून लांब जायचं. 1972 मध्ये निघालेल्या पायोनियर 10 ने गुरूच्या दिशेने जाताना, धूळ विरळ झाल्यावर, आभाळाचा उजेड मोजला. 1977 मध्ये व्हॉयेजर याने गेली. मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये व्हॉयेजरच्या 17 वर्षांच्या अतिनील निरीक्षणांचा लेखाजोखा मांडला. ग्रहांचं देखणं छायाचित्र त्यात नव्हतं. रिकाम्या आभाळाच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळायला वेगळीच चिकाटी लागते.

पुढचा टप्पा न्यू होरायझन्सचा. 19 जानेवारी 2006 ला निघालेलं हे यान 14 जुलै 2015 ला प्लूटोजवळून गेलं. त्यावरच्या लॉरी कॅमेऱ्याची दुर्बीण जेमतेम 20.8 सेंटिमीटर व्यासाची. 2022 मध्ये टॉड लॉअर, मार्क पोस्टमन आदी खगोलशास्त्रज्ञांनी तिच्या चित्रांवरून दृश्य पार्श्वप्रकाश सुमारे 16.4 नॅनोवॅट प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन असल्याचं सांगितलं आणि खळबळ उडाली. ज्ञात दीर्घिकांच्या हिशेबात त्यातला जवळपास निम्माच प्रकाश बसत होता. मग उरलेला कुठून आला?

2023 मध्ये यान सूर्यापासून पृथ्वीच्या 57 पट अंतरावर होतं. सूर्याचा कवडसाही कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून यानाच्याच धडाची सावली कॅमेऱ्यावर घेतली आणि आभाळाचे दोन डझन तुकडे टिपले. आपल्या आकाशगंगेतली धूळही ताऱ्यांचा प्रकाश विखुरते. तो वजा करण्यासाठी प्लांक उपग्रहाच्या अवरक्त नकाशांचा आधार घेतला. 2024 मध्ये त्याच एककात नवा आकडा आला: 11.16, अधिक-उणे 1.65. दीर्घिकांच्या एकूण प्रकाशाशी तो जुळतो. गूढ विरलं. मला या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांनी गूढ जाहीर केलं, त्यांनीच अधिक काटेकोर मोजणी करून ते मिटवलं.

याच यानावरच्या ॲलिस वर्णपटमापकाने अतिनील पार्श्वप्रकाश मोजला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक मूर्ती. तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. न्यू होरायझन्सच्या संघातल्या त्यांच्या कामाची दखल घेऊन आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने 2021 मध्येच 215884 क्रमांकाच्या लघुग्रहाला ‘जयंतमूर्ती’ हे नाव दिलं होतं.

त्याच 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकी प्रस्तावात न्यू होरायझन्स मोहीम बंद करण्याची सूचना आली. व्हॉयेजर 1 चे कॅमेरे 1990 मध्येच बंद झाले आहेत. इतक्या दूरवरून आभाळ टिपणारा कॅमेरा आज न्यू होरायझन्सवरच आहे आणि तिथवर पोचायला या यानाला 17 वर्षं लागली. ते चालतं आहे तोवर चालू ठेवलंच पाहिजे.