योग आणि क्षेम

माझा धाकटा बंधु आतां छपन्न वर्षांचा आहे. घड्याळ, हिशेब आणि वाचन हीं त्याला कधीं साधलीं नाहींत. पूर्वीं अशा माणसास मतिमंद म्हणत, आतां बौद्धिक दिव्यांग म्हणतात. आमची मातोश्री होती तोंवर त्याचें न्हाणें, जेवण, रुसवेफुगवे सारें तिनें पाहिलें. तिच्यामागें माझ्या पत्नीनें तो भार कुरकुर न करितां उचलला. परंतु मी सदुसष्ट वर्षांचा झालों, पत्नीचे गुडघे जिना चढूं देत नाहींत, आणि पुतणे नोकरीनिमित्त सोलापुरापासून दूर आहेत. ‘आपल्यामागें याचें कसें?’ हा प्रश्न आमच्या घरांत रात्रीं दिवा मालविल्यावर निघतो. ज्या घरांत असा बंधु, अशी भगिनी किंवा विस्मरणानें ग्रासलेले वडील आहेत, त्या घरांतहि तो निघत असेल; म्हणून आमच्या अनुभवाचे दोन शब्द वाचकांपुढें ठेवितों.

घरच्या माणसाला दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे त्याला टाकणें, अशी समजूत आपल्यांत दृढ आहे. ती सर्वस्वीं खरी नव्हे. आमच्याच जिल्ह्यांत, पंढरपुरास, लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनीं १८७५ सालीं टाकलेल्या अर्भकांसाठीं आश्रम काढला आणि पुढें प्रार्थनासमाजानें तो चालविला. ज्यांना रक्ताच्या नात्यानें टाकलें, त्यांना परक्यांनीं वाढविलें. तेव्हां माणूस कोणाच्या छपराखालीं राहतो, यावरून त्याची काळजी होते कीं नाहीं हें ठरत नाहीं. ती कशी होते हें पारखावें कसें, हाच खरा प्रश्न होय.

विद्यार्थिदशेंत ‘योगक्षेम’ या शब्दाची फोड आम्हांस गुरुजींनीं अशी शिकविली होती कीं, जें नाहीं तें मिळणें हा योग, आणि जें आहे तें राखणें हें क्षेम. त्या वेळीं ती परीक्षेपुरती पाठ केली. तिचा अर्थ मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं कळला.

त्या वर्षीं पत्नीच्या शस्त्रक्रियेमुळें बंधूस तीन महिने एका निवासी संस्थेंत ठेवावें लागलें. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. इमारत नवी, अंगण झाडलेलें, नोंदवह्या चोख. दर पंधरवड्यास मी आगाऊ कळवून भेटीस जात असें. व्यवस्थापक समोर बसलेले असत, आणि मी विचारीं, “बरा आहेस ना?” तो म्हणे, “बरा आहे.” एकदां त्याच्या अंगांत दुसऱ्याचा सदरा दिसला. धुण्यांत अदलाबदल झाली, असें सांगण्यांत आलें. तें मी मानलें. पुढें संक्रांतीस सिद्धेश्वराची यात्रा आली. नंदीध्वजांची मिरवणूक त्यानें लहानपणापासून कधीं चुकविली नव्हती. त्या वर्षीं ती चुकली, आणि ‘तुला जावयाचें आहे काय?’ असें त्याला कोणींच विचारलें नाहीं. मींहि नाहीं.

तीन महिन्यांनीं तो घरीं आला. वजन पूर्वींइतकेंच, अंगावर ओरखडाहि नाहीं. दुपारीं त्याला तहान लागली. आयुष्यभर ज्या माठांतलें पाणी तो आपल्या हातानें घेऊन पीत आला, त्या माठापाशीं तो थांबला, माझ्या पत्नीकडे वळला आणि म्हणाला, “पाणी पिऊं का?”

पत्नी कांहीं बोलली नाहीं. तिनें तांब्या भरून त्याच्या हातीं दिला आणि ती स्वयंपाकघरांत निघून गेली. त्या संस्थेनें त्याला मारलें नव्हतें, उपाशीं ठेविलें नव्हतें. क्षेम राखलें असें कोणीहि म्हटलें असतें. परंतु ‘जें आहे तें राखणें’ यांत आपल्या मर्जीनें पाणी पिणें हेंहि येतें, हें त्यांना सुचलें नव्हतें, आणि मलाहि तोंवर सुचलें नव्हतें.

देहाची सुरक्षितता प्रथम पाहावी हें खरेंच, कारण ती नसेल तर पुढचें सारें व्यर्थ. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका खासगी निवासास पहाटे आग लागली. आंतील माणसें साखळ्यांनीं बांधलेलीं होतीं. अठ्ठावीस जणांचा अंत झाला. म्हणून रात्रीं किती सेवक जागे असतात, दारास कडी आंतून कीं बाहेरून, किल्ली कोणापाशीं, हें विचारण्यास संकोचूं नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. त्याप्रमाणें अशा संस्थेस नोंदणीचें प्रमाणपत्र लागतें. तें मागून पाहावें. औषध कोण देतो व कोठें लिहितो, दरमहा वजन घेतात काय, न्हाणीघरास दार आहे काय, आधार कार्ड व बँकेचें पासबुक कोणाच्या कपाटांत असतें, हेंहि पाहावें. सेवकास हळूच विचारावें, ‘येथें किती दिवस झाले?’ जेथें सेवक दोन-दोन महिन्यांनीं बदलतात, तेथें आपल्या माणसाची भीति आणि आवड कोणास ठाऊक असणार?

परंतु नुसत्या कागदावरून पारख होत नाहीं. इंग्लंडांत २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन नांवाचें मंडळ अशा सेवा तपासतें. सेवा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, तींत आस्था आहे काय, ती त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणें बदलते काय, आणि कारभार नीट आहे काय, असे पांच प्रश्न त्यांनीं ठरविले आहेत. प्रश्न उत्तम आहेत. तरीहि त्याच देशांत ब्रिस्टलजवळील विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयांत बौद्धिक दिव्यांगांचा छळ चालला होता. एका परिचारकानें मंडळास कळविलें असतांहि वेळीं दखल घेतली गेली नाहीं. २०११ सालीं बीबीसीच्या गुप्त कॅमेऱ्यानें तो उघडकीस आणला, आणि पुढें अकरा सेवकांना शिक्षा झाल्या. आपल्या राज्यांतहि त्याच २०११ सालीं पनवेलजवळ कळंबोलीच्या निवासगृहांत दिव्यांग मुलींवर झालेले अत्याचार बाहेर आले. तपासनीस येतो आणि जातो. ज्याचें माणूस तेथें राहतें, त्यानें आपला डोळा त्याच्यावर सोंपवून स्वस्थ बसूं नये.

आतां योगाची परीक्षा. तिला प्रमाणपत्र नसतें; ती आपणच करावी लागते. न कळवितां, जेवणाच्या वेळीं जावें. पंगतीस बसावें आणि आपल्या माणसाच्या ताटांत काय आहे, तें त्याला विचारून वाढलें काय, हें पाहावें. आमच्या बंधूस ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी असली कीं दुसरें कांहीं नको. ही गोष्ट त्या संस्थेंत शेवटपर्यंत कोणास कळली नव्हती. अंगांतील कपडे त्याचे स्वतःचे आहेत काय? महिन्याभरांत तो फाटकाबाहेर किती वेळां गेला? गेल्या वर्षीं येत नव्हतें असें आज त्याला काय येतें? त्याला मित्र कोण? सर्वांत मोठा प्रश्न असा कीं, तो ‘नको’ म्हणूं शकतो काय, आणि ‘नको’ म्हटल्यावर पुढें काय होतें? ज्यास बोलतां येत नाहीं, त्याचे डोळे आणि खांदे वाचावे. सेवकानें हात उंचावतांच जो अंग चोरतो, त्यानें सर्व कांहीं सांगितलें आहे.

एकांतांत भेटण्याची मुभा मागावी. ती मिळत नसेल तर तेवढ्यावरूनच निर्णय करावा. आपण काय विचारतों याचीहि सुधारणा करावी. ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न उत्तर मिळविण्यासाठीं नसून आपल्या मनाच्या समाधानासाठीं असतो. ‘काल संध्याकाळीं काय केलेंस?’ असें विचारावें आणि उत्तरासाठीं थांबावें.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आईबाप गेल्यावर प्रौढ दिव्यांगाच्या वतीनें सही कोणीं करावी, हा घोळ पुष्कळ घरांत होतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें कायदेशीर पालक नेमतां येतो. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. हें काम आपल्या हयातींत उरकावें. मात्र पालक नेमला म्हणजे दिव्यांगाची इच्छा संपली, असें नव्हे. अमुकच ठिकाणीं राहा, अशी सक्ति त्याच्यावर नसावी, हें २०१६ च्या कायद्यांतहि आहे.

सांप्रत आम्हीं बंधूस महिन्यांतून दहा दिवस एका लहान घरीं ठेवितों. तेथें सात जण राहतात. इमारत जुनी आहे, भिंतीचा रंग उडाला आहे, आणि नोंदवही पहिल्या संस्थेइतकी चोख नाहीं. तींत औषधांची वेळ नीट लिहा, म्हणून मी दोनदां भांडलों आहें. परंतु गेल्या महिन्यांत न कळवितां गेलों, तेव्हां तो ओसरीवर शेंगा सोलीत बसला होता. शेजारीं एक म्हातारे गृहस्थ टरफलें गोळा करीत होते. त्याचा माझ्याशीं बोलण्याकडे ओढा दिसेना. थोडा वेळ बसून मी विचारलें, “घरीं येतोस का आज?”

“नको,” तो म्हणाला. “शेंगा राहिल्या आहेत.”

मग उठून त्यानें माठांतून दोन भांडीं पाणी घेतलें. एक आपण प्यायला आणि एक माझ्यापुढें ठेविलें. घरीं येऊन मी हें पत्नीस सांगितलें, तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, “कोणाला न विचारतां घेतलें ना?”