शस्त्रक्रियेनंतर शेळीस ऊब का हवी

पौष महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर, पारनेर या भागांत पहाटेचा पारा पुष्कळदा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. अशा दिवसांत एखादी संगमनेरी शेळी विताना अडते आणि पोट उघडून करडू काढावे लागते. टाके नीट बसतात, तरीही शेळी रात्रीतून दगावते. दोष टाक्यांना नाही तर दैवाला दिला जातो. थंडीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ज्या कुटुंबाचा वरखर्च दोन शेळ्यांवर चालतो, त्यास ही हानी लहान नव्हे.

निरोगी शेळीचे तापमान सुमारे 38.5 ते 39.5 अंश असते. गुंगीच्या औषधाने अंगाचे कापणे थांबते, कातडीकडील रक्तवाहिन्या सैल होतात व आतील उष्णता बाहेर निघून जाते. भादरलेली, स्पिरिटने ओली झालेली कातडी आणि उघडे पोट यांमुळे ही गळती वाढते. शिवाय कोटीपोटात चारा आंबताना जी उष्णता निर्माण होते, ती शेळी उपाशी असल्यास कमी पडते. गाईची शस्त्रक्रिया बहुधा उभ्यानेच, जागा बधिर करून होते. तिचे शरीरही मोठे, म्हणून ती लवकर गारठत नाही. शेळी व वासरू यांची गोष्ट निराळी.

गारठलेल्या शरीरात जखमेकडे रक्त व प्राणवायू कमी पोहोचतो, रक्त उशिरा गोठते, गुंगीही लवकर उतरत नाही. माणसांच्या बाबतीत याचा पडताळा 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आला. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या 200 रुग्णांपैकी ज्यांना उबदार ठेवले, त्यांच्यातील शेकडा 6 जणांची जखम चिघळली. ज्यांना तसे ठेवले नाही, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा 19 होते. शेळीचे आकडे वेगळे असू शकतील, पण शरीराची रीत तीच.

उपाय घरचेच आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच जमिनीवर उसाचे कोरडे पाचट वीतभर पसरून त्यावर गोणपाट टाकावे. केस आवश्यक तेवढेच भादरावेत. काम संपताच अंग कोरडे पुसून घोंगडी पांघरावी. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीशी ठेवाव्यात. उघडी गरम बाटली कधीही लावू नये. गुंगीतील शेळी अंग हलवू शकत नाही, त्यामुळे कातडी भाजते आणि हे दोन दिवसांनी कळते. जखमेवर शेक देऊ नये. बंद गोठ्यात शेकोटी पेटविणे तर धुरामुळे घातकच.

शेळीस कुशीवर न पडू देता छातीवर बसवावे म्हणजे पोट फुगत नाही. ती नीट गिळू लागेपर्यंत गुळाचे पाणी पाजू नये, ते फुप्फुसात जाते. दर अर्ध्या तासाने गुदद्वारात तापमापक लावून पाहावे. पारा 38 च्या खाली असल्यास ऊब वाढवावी. 37 च्या खाली गेल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. पारा 38.5 वर आला की बाटल्या काढाव्यात. करडू मात्र आधी कोरडे करून आईजवळ पाचटातच ठेवावे व पहिला चीक लवकर पाजावा.