घराची ओल आणि घराचं ओझं



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी फोन केले. म्हणाले, "सर, तुम्ही न्यायदर्शन शिकवलंत, घरदुरुस्तीवर कसे काय आलात?" आम्ही म्हटलं, आम्ही आलो नाही, आमच्या घराने आम्हाला इथे आणलं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या गावांमध्ये, अजून धाब्याची घरं उभी आहेत. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सगळ्यात वर मातीचा थर. हे झालं धाबं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा या मातीखाली जी सावली मिळते ती पत्र्याखाली मिळत नाही.

शहादा तालुक्यातलं आमचं वडिलोपार्जित घर असंच होतं. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. गळालं की माती टाका, पुन्हा गळालं की पुन्हा टाका. तीसेक वर्षं हेच चाललं. एका श्रावणात मधल्या खणातली तुळई रात्री कडकडली आणि वाकून खाली आली. त्या खणात आमची आई झोपायची. त्या रात्री ती मावशीकडे गेलेली होती, म्हणून वाचली.

सुताराने तुळई उतरवली तेव्हा दिसलं, भिंतीत गेलेलं तिचं टोक पार कुजलेलं. धाब्याची पन्हळ तुंबलेली होती, पाणी भिंतीच्या कडेला साचत होतं आणि तिथूनच आत झिरपत होतं. पन्हळ साफ करायला अर्धा तास लागला असता. आम्ही मात्र तीस वर्षं माती टाकत राहिलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आता या मातीचा हिशेब करू. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे साधारण पावणेचारशे किलो, तीही कोरडी. नवा थर टाकताना जुना काढलाच नाही आणि दहा इंच साठली, तर पावणेचार टन. भिजली की आणखी जड. तुळई मात्र आजोबांच्या वेळचीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती आणि वर साठलेली जाड माती हजारो झोपलेल्या माणसांवर आली. धरणी हलली हे खरं, पण घरांवर चढलेलं ओझंही जिवावर उठलं.

म्हणून आमचं आजचं सांगणं एकच आहे. डागडुजीला हात घालण्याआधी घराला दोन प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं? आणि भार कुठून कुठे जातो?

पहिल्या प्रश्नासाठी आपल्या नैयायिकांनी एक साधन देऊन ठेवलंय: अन्वय आणि व्यतिरेक. एक गोष्ट असते तेव्हा दुसरी असते, हा अन्वय. एक नसते तेव्हा दुसरी नसते, हा व्यतिरेक. भिंतीवर डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि तारीख लिहा. पावसात डाग रेघेबाहेर जातो आणि उन्हाळ्यात वाळतो, तर संशय छतावर किंवा बाहेरच्या भिंतीवर. भर एप्रिलमध्येही ओला आहे, तर नळ किंवा मोरी तपासा. ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत चढून थांबते, तर पाणी खालून येतंय. अशा वेळी बाहेर जाऊन पाहा. गल्लीत काँक्रीटचे थर चढत गेले आणि रस्ता तुमच्या जोत्याच्या वर आला, असं बऱ्याच गावांत झालंय. तिथे आतून कितीही रंग लावा, उपयोग नाही. आधी भिंतीलगत चर काढून पाणी दूर न्या.

स्लॅबच्या घरासाठी आणखी एक सोपी परीक्षा. पोळ्या गुंडाळायच्या चकचकीत फॉइलचा फूटभर तुकडा ओलसर भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली वाफ आहे. खिडकी उघडा, खर्च वाचेल.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मोह सगळ्यांना होतो. आम्हालाही झाला होता. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटला तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आत तिचा पाया मऊ होत असतो. चार वर्षांनी आमचा गिलावा पडला, तो मातीचा वीतभर थर सोबत घेऊनच. मातीच्या भिंतीला मातीच हवी: चाळलेली माती आणि गव्हाचं भूस, पाण्यात काही दिवस मुरवून. खाली पावसाचे शिंतोडे उडतात तिथे चुन्याचा गिलावा चालतो.

आता दुसरा प्रश्न, भाराचा. धाब्याच्या घरात बहुधा भार खांबांवर असतो आणि भिंत नुसता आडोसा असते. नंतर बांधलेल्या विटांच्या घरात भिंतच भार घेते. मधली भिंत पाडून मोठा हॉल करायचा असेल, तर या दोन्हींतलं आपलं घर कोणतं, हे आधी कळायला हवं. डोळ्यांनी कळत नसेल तर अभियंत्याला दाखवा. त्याची फी भिंतीपेक्षा स्वस्त असते. आणि हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन वजन. ती जुन्या धाब्यावर ठेवू नका. खाली वेगळा चबुतरा बांधा.

धाबं हलकं करायचं असेल तर होळी ते आखाजी हा काळ उत्तम. क्रम चुकवू नका. आधी तुळयांना खालून टेकू द्या, टेकूखाली जाड फळी ठेवा, म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही. त्या खणात कोणाला बसू-झोपू देऊ नका. मग माती दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरवा. धाब्यावरच एका कडेला ढीग केला, तर जे टाळायला निघालो तेच घडेल. लाकूड ठोकून पाहा, आवाज पोकळ आला तर दाभण टोचा. दाभण सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे. भिंतीत गेलेली टोकं विशेष तपासा. ती दिसत नाहीत, म्हणूनच आधी कुजतात. शेवटी पन्हळीकडे उतार देऊन, लागेल तेवढीच माती परत टाका.

आमच्या घरी मग तुळई बदलली, जुनी माती उतरवली, पन्हळ रुंद केली. आई पुढे कैक वर्षं त्याच खणात झोपली. पहिल्या पावसात ती वर बघत म्हणाली, "आता गळत नाही, तर माती कशाला टाकता?" हा प्रश्न तीस वर्षं आधी कोणीतरी विचारायला हवा होता, आणि तत्त्वज्ञान शिकवणारे तर घरात आम्हीच होतो!

यंदा आखाजीच्या आधी पेन्सिल घेऊन घरभर एक फेरी मारा. काय दिसलं ते पुढच्या वेळी सांगा, त्यावर बोलू.