सोडतीच्या तिकिटाची वाजवी किंमत

गणेशोत्सव जवळ आला कीं मंडळांच्या सोडतीचीं तिकिटें दारोदार फिरूं लागतात. तागडींत गुंजभर तूट न सोसणारे आमचे व्यापारी बंधूहि ‘दहा रुपयांत सायकल’ हे शब्द वाचून खिशांत हात घालतात. माप मात्र कोणी विचारीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें! तें माप गूढ नव्हे. डच गणिती हायगेन्स यानें १६५७ सालींच असा हिशेब मांडून दाखविला आहे. सायकल ४००० रुपयांची, बक्षीस एकच आणि तिकिटें १०००. तर एका तिकिटाची वाजवी किंमत ४ रुपये. घरीं आधींच सायकल असेल त्यास तर तेवढीहि नव्हे. वरचे ६ रुपये ही देणगी झाली. ती खुशाल द्यावी, पण मंडळानें ती देणगी म्हणूनच मागावी. तिकिटें २००० खपलीं तर किंमत २ रुपयांवर येते! मग एकूण संख्या व बक्षिसाचा बाजारभाव तिकिटावर कां छापीत नाहींत? शिवाय राज्य सरकारच्या परवानगीवांचून खासगी सोडतीची कचेरी चालविणें हा भारतीय न्याय संहितेच्या २९७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, हेंहि उत्साही चिटणीसांनीं तिकिटें छापण्यापूर्वीं वाचून घ्यावें.