घरातला रक्तदाब आणि मूत्रपिंड

'आईला बीपी आहे, मलाही होईल का?' असे रुग्ण मला नेहमी विचारतात. शक्यता वाढते खरी, आणि त्याचे एक कारण मूत्रपिंडात आहे.

जपानमध्ये क्योटो येथे १९६३ साली आनुवंशिक उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांची जात तयार झाली. त्यांचे मूत्रपिंड निरोगी उंदरात बसवल्यावर त्याचाही रक्तदाब चढला! पुढे शास्त्रज्ञांनी या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवल्या. पेशी मीठ किती परत शोषतात, हे त्यांत तपासता येते.

आपल्याकडे गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ दरम्यान सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे 'सर्च' संस्थेच्या अभ्यासात आढळले. पक्षाघाताचे मोठे कारण उच्च रक्तदाबच.

आई-वडिलांना बीपी असेल, तर तिशीनंतर दरवर्षी मोजून घ्या. लोणचे-पापड कमी करा, खर्रा सोडा. काही दुखत नाही, म्हणून थांबू नका.