फटफटी आणि फडक्याचा बोळा

माणूस आपल्या मधुमेहाबद्दल मोकळेपणाने बोलतो, मुलाच्या परीक्षेतील गुणांबद्दल जरा हातचे राखून बोलतो. पण आपल्या फटफटीची दुरुस्ती करताना आपण काय दिवे लावले, हे मात्र तो घरच्या माणसांनाही सांगत नाही. मराठीत ‘आपले ठेवावे झाकून’ असे म्हणतात, ते या बाबतीत जितके कसोशीने पाळले जाते तितके दुसऱ्या कुठल्याही बाबतीत पाळले जात नसावे.

मी मराठीचा प्राध्यापक. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची जुळणी मला करता येते. प्लग, पिस्टन आणि कार्ब्युरेटर यांची नाही. मला फटफटी चालवताही येत नाही. पण मागे बसणाऱ्याला जेवढे दिसते तेवढे पुढच्याला दिसत नाही, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे सासर बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला असल्यामुळे मागे बसण्याचे योग मला पुष्कळ आले आहेत. केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आणि जुना किल्ला यांसाठी जाणकार लोक या गावी जातात. मी दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडच्या करंज्यांसाठी जातो. तिच्या घरासमोर लिंबाच्या झाडाखाली एका मेस्तरीचे दुकान आहे. त्या दुकानासमोरच्या बाकावर बसून मी जे ऐकले, ते कोणत्याही ग्रंथालयात मिळाले नसते.

चिखला-धुळीतून फटफटी पळवण्याचा खेळ इंग्लंडात 1924 साली कॅम्बरली येथे सुरू झाला. पुढे 1978 च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारला जाणारी वाळवंटी शर्यत निघाली. ती 2020 पासून सौदी अरेबियात भरते. बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी 2015 मध्ये ती पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. 2024 मध्ये केरळच्या हरिथ नोआ यांनी तिच्यातील एका गटात पहिला क्रमांक पटकावला. धर्मापुरीच्या पोरांजवळ तसल्या लाखो रुपयांच्या गाड्या नाहीत. पण पाणंद आहे, आणि पावसाळ्यातली मराठवाड्याची काळी माती आहे. ही माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की चाक फिरेनासे होते. शर्यतीच्या गाड्यांचे मडगार्ड हातभर उंच का असते, हे मला तिथल्या चिखलात उभे राहिल्यावर कळले. साध्या गाडीला खडबडीत टायर चढवून ही पोरे शेतावर जातात आणि परत आल्यावर गाडी स्वतःच धुतात, स्वतःच खोलतात. खरी करमणूक तिथे सुरू होते.

सर्वांत निरुपद्रवी चूक बटणाची. हँडलच्या उजव्या मुठीजवळ इंजिन बंद करण्याचे लाल बटण असते. गाडी पुसताना ते दाबले जाते आणि मग मालक घामाघूम होईपर्यंत किक मारत राहतो. प्लग काढतो, फुंकतो, पुन्हा बसवतो. शेवटी शेजारचे सात वर्षांचे पोर येऊन बटण वर करते. पेट्रोलची चावी बंद ठेवून किक मारणारे याच पंथातले.

त्यानंतर फडक्याचा बोळा. गाडी धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून शहाणी माणसे सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबतात. कोंबण्यापर्यंत ती शहाणी असतात. मग फडके तिथेच राहते. धूर बाहेर पडायला वाट नाही, म्हणून नवी हवा आत यायला जागा नाही. गाडी दोनदा खोकते आणि गप्प होते. एका गृहस्थांनी अशी गाडी शेजाऱ्यांच्या मदतीने लिंबाखालपर्यंत ढकलत आणली होती. मेस्तरीने काही न बोलता दोन बोटांनी फडके उपसले, झटकले आणि त्यांच्या हातात दिले. मजुरी घेतली नाही. घेतली असती तर त्या गृहस्थांना बरे वाटले असते!

काही चुका मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात. चेन सैल वाटली म्हणून कोणी ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून बसवतो. पण खड्ड्यात मागचे चाक वर-खाली होते, तेव्हा चेनवरचा ताणही कमी-जास्त होतो. म्हणून साध्या गाडीत तिला दोन-तीन सेंटिमीटर हालायला जागा ठेवावी लागते. ती ठेवली नाही की बेअरिंग गेलेच. कोणी जुने ऑइल काढून खालचा बोल्ट मन लावून आवळतो आणि नवे भरायलाच विसरतो. कोणी मागच्या ब्रेकची चकती चकचकीत दिसावी म्हणून तिला तेल लावतो. चकती सुरेख दिसते. फक्त गाडी थांबत नाही.

इथवर सारे विनोदीच आहे. बाकावरच्या मंडळींत हे किस्से रंगत असताना मेस्तरी मात्र फारसा हसत नसे. एकदा मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, “सर, चूक समद्यांचीच व्हती. पण गिऱ्हाईक सांगत न्हाई, तितं गाडी मरती.”

मग त्याने एका दूधवाल्याची गोष्ट सांगितली. त्याची गाडी जुनी, दोन स्ट्रोकची. अशा गाडीत पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. लिटरमागे 20 ते 50 मिलिलिटर, ज्या त्या गाडीप्रमाणे. एके दिवशी घाईत त्याने नुसतेच पेट्रोल भरले. वाटेत इंजिन आवळले. निवल्यावर पुन्हा सुटले, म्हणून त्याने तेल घातले आणि गप्प राहिला. पुढे गाडी चढाला दमू लागली, तेव्हा मेस्तरीला त्याने एवढेच सांगितले, “आपोआपच असं व्हायलंय.” मेस्तरीने प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, दोष कुठेच सापडेना. पिस्टनवर ओरखडे पडले होते, ते वरून कसे दिसणार? तीन आठवड्यांनी भर पाणंदीत इंजिन कायमचे अडकले. कॅनमधले दूध उन्हात नासले, आणि सिलिंडर-पिस्टनच्या कामात महिन्याच्या रतिबाचे पैसे गेले. पहिल्या दिवशी एक वाक्य बोलला असता, तर पुष्कळसे वाचले असते.

असल्या चुका अडाण्यांच्याच हातून होतात, असा ज्या वाचकांचा समज असेल त्यांच्यासाठी एक दाखला देतो. 5 मे 1983 रोजी अमेरिकेतील मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून 172 माणसे होती. विमानाच्या तिन्ही इंजिनांत, तेलातले धातूचे कण टिपणारा एक लहान भाग आदल्या रात्री नवा बसवला होता. त्यावरची रबरी कडी मात्र तिन्ही ठिकाणी बसवायची राहिली. नेहमी ती आधीच लावलेली मिळे, म्हणून या वेळीही असेल असे धरले गेले. समुद्रावर असताना तेल गळून गेले आणि एकामागून एक इंजिने थांबली. आधी बंद केलेले एक इंजिन वैमानिकांना ऐनवेळी पुन्हा चालू करता आले, म्हणून सारे सुखरूप उतरले. धर्मापुरीच्या मेस्तरीच्या भाषेत सांगायचे तर, वायसर राहिला!

विमानवाल्यांनी मात्र एक गोष्ट ओळखली आहे. अमेरिकेत 1976 पासून अशी व्यवस्था आहे की वैमानिकाने वा कारागिराने आपली चूक लिहून कळवावी. त्याचे नाव गुप्त राहते आणि ती हकिकत इतरांना सावध करण्याच्या कामी येते. चूक सांगणाऱ्याला हसायचे नाही, हे तिथे नियमाने ठरवावे लागले. आपल्या घरांत तो नियम नाही.

नाही म्हणायला, एकदा मी तो पाळलेला पाहिला. बहिणीकडे दिवाळीची पाहुणेमंडळी जमली होती. भाच्याने दिवसभर खपून गाडीची चेन बसवली होती आणि “मेस्तरीची गरजच न्हाई” असे चार जणांना ऐकवलेही होते. दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी अक्काला मागे बसवून परळीला दवाखान्यात नेणार होते. रात्री पंगत बसली असताना भाच्याला सदऱ्याच्या खिशात काहीतरी टोचले. मागच्या चाकाच्या नटातून घालायची ती बोटभर कॉटर पिन. पोरगा पांढरा पडला. पंगतीत चुलतभाऊ होते, नवे जावई होते. तो उभा राहून म्हणाला, “बाबा, सकाळी गाडी काढू नका. मागचा नट आवळायचा राह्यलाय.”

एक चुलतभाऊ हसण्याच्या बेतात होता. दाजींनी हातातला घास तसाच ताटात ठेवला, हात धुतला आणि म्हणाले, “बॅटरी आण. पाना बी आण.” मीही अंगणात गेलो. तो नट पाना न लावता, नुसत्या बोटांनी फिरत होता. बापलेकांनी मिळून तो आवळला, पिन घातली, तिची टोके वाकवली. दाजी मुलाला रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. “चल, जेवण निवायलं,” एवढेच म्हणाले.

वाचकहो, आपल्या घरीही एखादा चिरंजीव पाने पसरून गाडी खोलत असेल. त्याला खुशाल खोलू द्यावी. खोलल्याशिवाय हात बसत नाही. नट किती आवळावा, तेल किती घालावे, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. मात्र तो तोंड पाडून काही सांगायला आला, तर ते सांगून होईपर्यंत हसू नये. फडक्याचा बोळा सायलेन्सरमधून दोन बोटांनी निघतो. माणसाच्या घशात अडकलेला मात्र ऐकणाऱ्यानेच काढावा लागतो.